टेबलवाला डेटाबेस देणाऱ्या एडगर कॉड यांचा बारावा नियम, जो आज एका चुकीच्या सेटिंगने मोडतो

सकाळी उठल्या उठल्या तुम्ही मोबाईल हातात घेता. रिचार्ज मारता, रेल्वेचं वेटिंग किती सरकलं ते बघता, कुणाला तरी यूपीआयवरून पैसे पाठवता, ऑनलाइन मागवलेल्या वस्तूचा पत्ता बदलता. या प्रत्येक वेळी कुठल्या तरी सर्व्हरवर एका तक्त्यातली ओळ वाचली जाते किंवा बदलली जाते. आडव्या ओळी, उभे रकाने. शाळेच्या हजेरीपटासारखं.

हे इतकं साधं वाटतं की कधीकाळी कुणाला तरी हे सुचावं लागलं असेल, असं डोक्यातही येत नाही. पण ते सुचावं लागलं. ज्यांना सुचलं त्यांनी ते १९७० साली जगासमोर मांडलं आणि त्यांच्याच कंपनीने ते बरीच वर्षं बाजूला ठेवलं.

त्यांचं नाव एडगर फ्रँक कॉड. ओळखीचे लोक त्यांना टेड म्हणायचे.

याच कॉड यांनी पुढे डेटाबेससाठी नियमांची एक यादी केली. त्यातल्या शेवटच्या, म्हणजे बाराव्या नियमाचा साध्या भाषेतला अर्थ असा की पुढच्या दाराला लावलेले नियम मागच्या दाराने चुकवता येता कामा नयेत. आज एखाद्या ॲपमधून लोकांचे मोबाईल नंबर आणि पत्ते बाहेर पडतात, तेव्हा दरवेळी त्यामागे कुणी भारी हॅकर असतोच असं नाही. कधी कधी डेटाबेसला वरून जोडलेल्या एखाद्या भागाचं, म्हणजे एक्स्टेन्शनचं, सेटिंग चुकलेलं असतं आणि मागचं दार उघडं राहिलेलं असतं.

म्हणून आज कॉड यांची गोष्ट आणि त्यांच्या बाराव्या नियमाचीही.

सात भावंडांत सगळ्यात धाकटे

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर डोर्सेट परगण्यात पोर्टलंड नावाचं छोटं बेट आहे. तिथल्या दगडाच्या खाणी प्रसिद्ध आहेत. लंडनचं सेंट पॉल कॅथेड्रल याच पोर्टलंडच्या दगडात बांधलेलं आहे. या बेटावर १९ ऑगस्ट १९२३ रोजी कॉड यांचा जन्म झाला. वडिलांचा चामड्याचा व्यवसाय होता, आई शिक्षिका होती. सात भावंडांत एडगर सगळ्यात धाकटे.

अभ्यासात हुशार असल्यामुळे ते ऑक्सफर्डच्या एक्सेटर कॉलेजात पोहोचले. गणित आणि रसायनशास्त्र हे विषय घेतले. तेव्हा दुसरं महायुद्ध चालू होतं. शिक्षण चालू असल्यामुळे त्यांना लष्करी सेवेतून सूट मिळू शकली असती, पण ते स्वतःहून ब्रिटिश हवाई दलात भरती झाले आणि पायलट झाले. युद्ध संपल्यावर परत ऑक्सफर्डला जाऊन त्यांनी शिक्षण पूर्ण केलं.

१९४८ मध्ये ते थेट अमेरिकेत, न्यूयॉर्कला गेले. तिथे पहिली नोकरी कुठली मिळाली असेल? मेसीज नावाच्या मोठ्या दुकानात पुरुषांचे स्पोर्ट्सचे कपडे विकायची! ऑक्सफर्डचा गणिती आणि युद्धातला पायलट काउंटरवर उभा राहून गिऱ्हाइकांना कपडे दाखवत होता. मग काही महिने टेनेसी विद्यापीठात गणित शिकवलं आणि १९४९ मध्ये ते आयबीएममध्ये लागले.

तेव्हा आयबीएमकडे एसएसईसी नावाचं अवाढव्य गणनयंत्र होतं. न्यूयॉर्कमधल्या मुख्यालयात ते अशा जागी ठेवलं होतं, की रस्त्याने जाणाऱ्यांना काचेतून दिसावं. लोक थांबून बघायचे. त्या यंत्रासाठी प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांमध्ये कॉड होते.

नोकरी सोडली, देश सोडला

१९५० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत सिनेटर जोसेफ मॅकार्थी यांचा दबदबा होता. कुणावरही कम्युनिस्ट असल्याचा संशय घ्यायचा, चौकशी लावायची आणि माणसाला आयुष्यातून उठवायचं, असा प्रकार चालला होता. कॉड यांना हे सहन झालं नाही. १९५३ मध्ये निषेध म्हणून त्यांनी अमेरिका सोडली आणि ते कॅनडातल्या ओटावाला जाऊन दुसऱ्या कंपनीत काम करू लागले.

काही वर्षांनी आयबीएममधल्या जुन्या साहेबांची अचानक गाठ पडली आणि १९५७ मध्ये ते पुन्हा आयबीएममध्ये आले.

यावेळी काम होतं ‘स्ट्रेच’ नावाच्या संगणकावर. त्या काळी एक अडचण होती. एखादा प्रोग्रॅम टेपवरची माहिती यायची वाट बघत बसला, की तोवर लाखो डॉलरचं यंत्र नुसतं उभं राहायचं. कॉड यांच्या टीमने अशी व्यवस्था केली, की एक प्रोग्रॅम थांबला की यंत्र दुसऱ्याचं काम उरकेल. आज तुमच्या फोनवर गाणं वाजत असताना व्हॉट्सॲप चालतं, त्याच्या मुळाशी याच प्रकारची कल्पना आहे.

मग चाळिशीच्या उंबरठ्यावर ते पुन्हा विद्यार्थी झाले. मिशिगन विद्यापीठात पीएचडीला प्रवेश घेतला. विषय होता स्वतःची नक्कल स्वतःच तयार करू शकणारी यंत्रं. जॉन फॉन नॉयमन या दिग्गज गणितज्ञाने अशा यंत्राची एक रचना मांडली होती. तिच्यात प्रत्येक पेशीला २९ अवस्था लागायच्या. कॉड यांनी तेच काम ८ अवस्थांत होऊ शकतं हे दाखवलं. १९६५ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली.

कामात फापटपसारा नको, नियम थोडे आणि पक्के हवेत, हा त्यांचा स्वभाव इथेच दिसतो. पुढे डेटाबेसच्या बाबतीतही त्यांनी तेच केलं.

डेटाबेसमध्ये वाट शोधायला वाटाड्या लागायचा

१९६० च्या दशकाच्या शेवटी कॉड कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे इथल्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत आले. तेव्हा मोठमोठ्या कंपन्या माहिती संगणकावर ठेवू लागल्या होत्या. पण ती ठेवायची पद्धत वेगळी होती.

आपल्याकडचं उदाहरण घेऊ. समजा जिल्ह्याखाली तालुके, तालुक्याखाली गावं आणि गावाखाली शेतकरी अशा क्रमाने माहिती साठवली आहे. एका गावातले सगळे शेतकरी काढणं सोपं. पण सगळ्या जिल्ह्यांत मिळून ज्यांच्याकडे पाच एकरांपेक्षा जास्त जमीन आहे ते शेतकरी हवे असतील, तर प्रोग्रॅमरला जिल्ह्यापासून सुरुवात करून प्रत्येक फांदी धुंडाळणारा नवा प्रोग्रॅम लिहावा लागायचा. कोणत्या नोंदीवरून कोणत्या नोंदीवर उडी मारायची हे त्यालाच सांगावं लागायचं. आणि कुणी साठवायचा क्रम बदलला, की आधी लिहिलेले सगळे प्रोग्रॅम बंद पडायचे.

कॉड यांनी गणितातली संच आणि संबंध ही संकल्पना उचलली. सगळी माहिती तक्त्यांत ठेवा. दोन तक्त्यांचं नातं त्यांच्यातल्या किमतींवरून जोडा, म्हणजे ग्राहकांच्या तक्त्यात ग्राहक क्रमांक आणि ऑर्डरच्या तक्त्यातही तोच क्रमांक. वापरणाऱ्याने काय हवंय एवढंच सांगायचं. ते कुठून आणि कसं आणायचं ते यंत्र बघेल.

१९६९ मध्ये त्यांनी हे आयबीएमच्या अंतर्गत अहवालात लिहिलं. जून १९७० मध्ये एसीएम या संगणकतज्ज्ञांच्या संस्थेच्या मासिकात त्यावर शोधनिबंध आला. जेमतेम ११ पानं. आजचा डेटाबेसचा धंदा मोठ्या प्रमाणात त्या ११ पानांवर उभा आहे.

घरचेच ऐकेनात

एवढी भारी कल्पना म्हटल्यावर आयबीएमने ती लगेच उचलायला हवी होती. पण आयबीएमकडे आयएमएस नावाचा डेटाबेस आधीच होता. चंद्रावर माणूस पाठवणाऱ्या अपोलो मोहिमेच्या सुट्या भागांचा हिशोब ठेवण्याच्या कामातून तो जन्माला आला होता. तो वरून खाली फांद्यांच्या पद्धतीने चालायचा आणि कंपनीला त्यातून चांगला पैसा मिळत होता. चालत्या गाडीला खीळ कोण घालणार?

बाहेरही विरोध होताच. जुन्या पद्धतीचे मोठे पुरस्कर्ते चार्ल्स बॅकमन यांना १९७३ मध्ये ट्युरिंग पुरस्कार मिळाला होता. संगणकशास्त्रात याला नोबेलचा मान आहे. १९७४ मध्ये मिशिगनमधल्या ॲन आर्बर इथे एका परिषदेत कॉड आणि बॅकमन यांच्या बाजूंमध्ये जाहीर वादविवाद झाला. तो डेटाबेसच्या इतिहासात अजून सांगितला जातो.

हळूहळू वारं फिरलं. सॅन होजेमध्ये आयबीएमच्या लोकांनी ‘सिस्टीम आर’ हा प्रयोग सुरू केला. त्यातून डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी जी भाषा तयार केली, तीच आजची एसक्यूएल. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर आणि यूजीन वाँग यांनी कॉड यांचे लेख वाचून ‘इंग्रेस’ बनवला. आणि १९७९ मध्ये एका छोट्या कंपनीने आयबीएमच्याही आधी एसक्यूएलवर चालणारा डेटाबेस बाजारात विकायला काढला. त्याचं नाव ओरॅकल. आयबीएमचा पहिला असा व्यावसायिक डेटाबेस १९८१ मध्ये आला आणि मोठ्या यंत्रांसाठीचा डीबीटू १९८३ मध्ये.

कल्पना आयबीएमच्या माणसाची होती आणि तिच्यावर पहिली मोठी कमाई दुसऱ्यानेच केली.

कॉड यांना मान मिळाला. १९७६ मध्ये ते आयबीएम फेलो झाले आणि १९८१ मध्ये त्यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. तरी एसक्यूएलवर ते पूर्ण खूश नव्हते. त्या भाषेत एकाच तक्त्यात तंतोतंत सारख्या दोन ओळी राहू शकतात, हे त्यांना खटकायचं. गणितातल्या संचात तसं चालत नाही.

बारा नियम, जे खरं तर तेरा आहेत

१९८३ मध्ये पडल्यामुळे त्यांना गंभीर दुखापत झाली आणि पुढच्या वर्षी ते आयबीएममधून निवृत्त झाले. पण घरी बसले नाहीत. क्रिस डेट आणि शॅरन वाइनबर्ग या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी सल्लागार कंपनी काढली. शॅरन यांच्याशी पुढे त्यांचं लग्न झालं.

तोवर ‘रिलेशनल’ हा शब्द बाजारात चलनी नाणं झाला होता. जुनाच माल नवं लेबल लावून विकला जात होता. मग ऑक्टोबर १९८५ मध्ये कॉड यांनी कॉम्प्युटरवर्ल्ड या साप्ताहिकात नियमांची यादी दिली. डेटाबेसला रिलेशनल म्हणवून घ्यायचं असेल तर या कसोट्या. यादी ‘बारा नियम’ म्हणून ओळखली जाते, पण मोजणी शून्यापासून असल्यामुळे नियम भरतात तेरा.

यातले दोन आपल्या कामाचे आहेत.

चौथा नियम सांगतो, की डेटाबेसमध्ये काय काय आहे याची यादीसुद्धा तक्त्यातच असावी आणि इतर माहितीसारखीच विचारता यावी. हा लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

बारावा नियम मागच्या दाराबद्दल आहे. डेटाबेसमध्ये खालच्या पातळीवरून, एकेका नोंदीला हात घालायची सोय असेल, तर तिचा वापर करून वरच्या भाषेत घालून दिलेली बंधनं चुकवता येऊ नयेत. उदाहरणार्थ, खात्यातली शिल्लक शून्याच्या खाली जाऊ नये असा नियम केला, तर तो सगळ्यांना लागू. मागून शिरून कुणी शिल्लक उणे करू शकत असेल, तर पुढच्या नियमाला काही अर्थ उरत नाही.

कॉड यांच्या डोळ्यांसमोर तेव्हा हॅकर नव्हते, माहितीचा खरेपणा होता. पण सुरक्षेलाही हेच तर्कशास्त्र लागू पडतं.

त्यांचा पुढचा काळ तितका यशस्वी नव्हता. १९९० मध्ये त्यांनी नवं पुस्तक लिहिलं, त्यात नियम वाढून ३३३ झाले आणि एवढे पाळणं कुणालाच जमलं नाही. १९९३ मध्ये माहितीच्या विश्लेषणावर त्यांनी एक लेख लिहिला. त्यासाठी पैसे ज्या कंपनीने दिले होते, तिचंच उत्पादन त्या कसोट्यांत बसत होतं हे उघड झालं आणि टीका झाली. आयुष्यभर विक्रेत्यांची झाडाझडती घेणाऱ्या माणसावर ही वेळ आली होती.

आता एक्स्टेन्शन म्हणजे काय?

इंग्रेस बनवणाऱ्या स्टोनब्रेकर यांनी १९८६ मध्ये बर्कलीत पुढचा प्रकल्प सुरू केला, पोस्टग्रेस. त्यांचं म्हणणं असं होतं, की आकडे आणि नावं यापलीकडे नकाशे, आकृत्या असं बरंच काही डेटाबेसमध्ये ठेवावं लागणार. प्रत्येक गोष्ट आधीच आत कशी भरणार? त्यापेक्षा लोकांना हवा तो भाग बाहेरून जोडता यावा.

आजचा पोस्टग्रेस जगातल्या सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या डेटाबेसपैकी एक आहे आणि जोडता येणाऱ्या भागांना एक्स्टेन्शन म्हणतात. नकाशासाठी पोस्टजीआयएस, एआयच्या कामासाठी पीजीव्हेक्टर, माहिती कुलूपबंद करायला पीजीक्रिप्टो. २०११ पासून तर एका ओळीच्या आज्ञेत एक्स्टेन्शन जोडता येतं.

सोय मोठी आहे. पण बरीच एक्स्टेन्शन्स मोबाईलमधल्या ॲपसारखी वेगळ्या खोलीत राहत नाहीत. ती डेटाबेसच्या घरातच राहायला येतात. त्यातली काही तर थेट सर्व्हरच्या फाइलींपर्यंत किंवा दुसऱ्या यंत्रापर्यंत हात पोहोचवतात. त्यांची सेटिंग्ज चुकली, की बारावा नियम गेलाच म्हणून समजा.

हे कॉड यांच्या हयातीतच दिसलं होतं. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये एक्सपी सीएमडीशेल नावाचा जोडभाग होता. त्याच्यातून डेटाबेसला सांगून थेट विंडोजच्या आज्ञा चालवता यायच्या. मे २००२ मध्ये एक वर्म इंटरनेटवर पसरला. मुख्य खात्याचा पासवर्ड रिकामा ठेवलेले सर्व्हर तो शोधायचा आणि या जोडभागातून पूर्ण यंत्र ताब्यात घ्यायचा. त्यात कुलूप फोडायची गरज नव्हती. पासवर्ड टाकलेला नव्हता आणि जोडभाग चालू होता, एवढंच. मायक्रोसॉफ्टने २००५ च्या आवृत्तीपासून तो मुळातच बंद ठेवायला सुरुवात केली.

१८ एप्रिल २००३ रोजी फ्लोरिडात हृदय बंद पडून कॉड यांचं निधन झालं. वय ७९.

आज मागचं दार कुठे कुठे उघडं राहतं?

पोस्टग्रेस घेऊनच बघू, कारण स्टार्टअपपासून कॉलेजच्या प्रोजेक्टपर्यंत सगळीकडे तो आहे.

*पहिली चूक: ॲपला थेट मालकाची चावी देणं.* पोस्टग्रेसमध्ये सुपरयुजर हे खातं सगळे नियम ओलांडू शकतं. घाईत बरेच जण ॲपलाही हेच खातं देऊन टाकतात. पायथॉन किंवा पर्लमध्ये फंक्शन लिहू देणारी काही एक्स्टेन्शन्स अशी आहेत, की त्यांच्या नावाच्या शेवटीच ‘यू’ हे अक्षर असतं. त्याचा अर्थ, यावर भरवसा ठेवू नका. अशी फंक्शन्स सर्व्हरच्या फाइलीही वाचू शकतात, म्हणून ती लिहायचा अधिकार फक्त सुपरयुजरला असतो. पण ॲपच सुपरयुजर असेल, तर ॲपमधल्या एका चुकीतून आत शिरलेल्याला अख्खं यंत्र मिळतं.

*दुसरी चूक: एक्स्टेन्शन सगळ्यांच्या अंगणात ठेवणं.* पोस्टग्रेसमध्ये ‘पब्लिक’ नावाचा एक कप्पा असतो. वेगळं काही सांगितलं नाही तर बरीच एक्स्टेन्शन्स आपली फंक्शन्स तिथेच टाकतात. शिवाय नवं फंक्शन वापरायची परवानगी सुरुवातीला सगळ्यांनाच असते. डेटाबेसवरून आपोआप एपीआय बनवून देणाऱ्या काही सेवा हाच कप्पा इंटरनेटसाठी खुला करतात. मग आतल्या कामासाठी ठेवलेलं फंक्शन बाहेरच्याला हाक मारता येतं.

याच कप्प्यामुळे २०१८ मध्ये पोस्टग्रेसच्या टीमला सगळ्यांना सावध करावं लागलं होतं. तिथे वस्तू बनवायची मुभा सगळ्यांना होती. त्यामुळे साधा वापरकर्ताही खऱ्या फंक्शनच्या नावाचं नकली फंक्शन तिथे ठेवू शकायचा आणि बड्या अधिकाराच्या खात्याने अनवधानाने ते चालवलं की खेळ खल्लास. २०२२ मध्ये आलेल्या १५ व्या आवृत्तीत ही मुभा मुळातच काढली गेली. पण जुन्या आवृत्तीतून जसाच्या तसा वर आणलेला डेटाबेस जुनी मुभा सोबत घेऊन येतो. आवृत्ती नवी झाली म्हणजे सेटिंगही नवं झालं, असं धरून चालू नका.

*तिसरी चूक: कुलूप लावायचं आणि किल्ली वहीत लिहून ठेवायची.* समजा एखाद्या ॲपने तुमचा आधार नंबर पीजीक्रिप्टो वापरून कुलूपबंद केला. हे काम डेटाबेसच्या आत होतं, म्हणजे नंबर आणि किल्ली दोन्ही आज्ञेतून सर्व्हरकडे पाठवल्या जातात. आता सर्व्हरवर प्रत्येक आज्ञा लॉगमध्ये लिहायचं सेटिंग चालू असेल, तर आधार नंबर आणि किल्ली दोन्ही साध्या अक्षरांत लॉगच्या फाइलीत पडून राहतात. तक्ता सुरक्षित आणि लॉग उघडा.

असंच एक्स्टेन्शनच्या स्वतःच्या सेटिंगमुळेही होतं. पीजीऑडिट हे कुणी काय केलं याची नोंद ठेवतं. आज्ञेसोबत आलेल्या किमतीही लिहायच्या का, हे सेटिंग मुळात बंद असतं. कुणी चाचणीसाठी ते चालू करतं, मग बंद करायला विसरतं आणि लोकांचे नंबर रोज लॉगमध्ये जमा होत राहतात. संथ आज्ञा शोधणाऱ्या ऑटो एक्स्प्लेनची वेळमर्यादा शून्यावर ठेवली, तरी प्रत्येक आज्ञा लॉगमध्ये जाते.

*चौथी चूक: शेजारच्या घराची चावी खुंटीला टांगणं.* एका डेटाबेसवरून दुसऱ्या डेटाबेसला जोडायचं एक्स्टेन्शन असतं. त्यासाठी दिलेला दुसऱ्या बाजूचा पासवर्ड आत साध्या अक्षरांतच राहतो आणि बॅकअपच्या फाइलीतही जाऊ शकतो. चाचणीच्या सर्व्हरवर अशी जोडणी विसरून राहिली, की खऱ्या ग्राहकांच्या माहितीकडे जायचा रस्ता त्या कमी राखणीच्या सर्व्हरवरून जातो.

या चारही ठिकाणी पोस्टग्रेस बिघडलेला नाही. सगळं सांगितल्याप्रमाणे चालू आहे. फक्त सांगताना चूक झाली आहे. म्हणूनच ती सापडत नाही. बिघाड झाला की ॲप बंद पडतं आणि लोक धावतात. सेटिंग चुकलं तर ॲप मस्त चालतं.

मग करायचं काय?

तुम्ही नुसते वापरकर्ते असाल, तर दुसऱ्याच्या सर्व्हरची सेटिंग्ज तुमच्या हातात नाहीत. पण काय द्यायचं ते हातात आहे. जिथे गरज नाही तिथे आधार, जन्मतारीख आणि घरचा पत्ता देऊ नका. प्रत्येक ठिकाणी वेगळा पासवर्ड ठेवा. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात माहितीची पुरेशी सुरक्षा न ठेवणाऱ्या कंपनीला २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. सेटिंग चुकून राहिलं, हे सुरक्षा न ठेवण्यातच येऊ शकतं. माहिती फुटली तर ते तुम्हाला कळवण्याचं बंधनही त्याच कायद्यात आहे.

आणि तुम्ही स्वतः ॲप बनवत असाल, मग ते कंपनीचं असो की एआयला सांगून रविवारी दुपारी बनवलेलं, तर आता कॉड यांचा चौथा नियम कामाला येतो. डेटाबेसमध्ये काय आहे ते डेटाबेसलाच विचारता आलं पाहिजे, असं त्यांनी १९८५ मध्ये सांगून ठेवलं आहे. पोस्टग्रेसमध्ये ‘पीजी एक्स्टेन्शन’ याच नावाचा एक तक्ता असतो. कुठली एक्स्टेन्शन्स बसवली आहेत, कुठल्या कप्प्यात आणि कोणती आवृत्ती, सगळं त्यात असतं. तो उघडा आणि एकेका ओळीसमोर थांबून स्वतःला विचारा: हे कशासाठी आहे, कुणी बसवलं आणि याला हात कोण लावू शकतं?

ज्याचं उत्तर येत नाही, ते आधी चाचणीच्या सर्व्हरवर काढून बघा. काही अडलं नाही तर खऱ्यावरूनही काढा. ॲपसाठी कमी अधिकारांचं वेगळं खातं करा. एक्स्टेन्शन्सना ‘पब्लिक’मधून उचलून स्वतंत्र कप्पा द्या. काही एक्स्टेन्शन्स बसवल्यावर हलवता येत नाहीत, तेव्हा हा कप्पा आधीच ठरवलेला बरा. आणि लॉगची एक फाइल उघडून तिच्यात कुणाचा मोबाईल नंबर दिसतो का, ते स्वतः शोधून बघा.

याला अर्धा तास लागेल. त्या तक्त्यात ज्यांचं नाव, नंबर आणि पत्ता आहे, त्या लोकांनी तुमच्यावर विश्वास टाकताना तुमची सेटिंग्ज बघितलेली नसतात.